हुला शिकायचंय? कंबर नंतर, आधी कान

हवाईला फिरून आलेल्या ओळखीच्या लोकांकडून मला वर्षातून दोन-तीनदा तरी एक व्हिडिओ येतोच. हॉटेलच्या लॉनवर लुआउ, म्हणजे तिथली मेजवानी, चाललेला असतो, मशाली पेटलेल्या, समोर बुफे, आणि स्टेजवर कोणीतरी नारळाच्या करवंट्या न् गवताचा घागरा घालून जोरजोरात कंबर हलवतंय, आणि खाली मेसेज, "तू हेच शिकतेस ना गं?" आता काय सांगू. त्यातलं निम्मं हुला, म्हणजे हवाईचा स्वतःचा नाच, नसतंच. ढोल बडवत भन्नाट वेगाने कंबर हलवतात तो नाच ताहितीचा, पेटती सुरी फिरवणारा माणूस करतो ते सामोआचं, आणि तो गवताचा घागरा तर गिल्बर्ट बेटांवरून म्हणजे आजच्या किरिबाटीतून हवाईत कामाला आलेल्या मजुरांबरोबर आला, तोही एकोणिसाव्या शतकात. टुरिस्टांना सगळं एका ताटात वाढतात, त्यांचीही चूक नाही, पण ज्याला खरंच शिकायचंय त्याने ते ताट आधी बाजूला सारलेलं बरं.

मी कॅलिफोर्नियात राहते आणि चारेक वर्षं एका हालाऊत, म्हणजे हुलाच्या शाळेत जाते. अजून कच्चीच आहे, त्यामुळे हे तज्ज्ञाचं मार्गदर्शन वगैरे समजू नका, एक यत्ता पुढे असलेल्या मुलीने धाकटीला सांगावं तसं समजा. आणि एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही, की हुलात नाच शब्दांचा असतो. आधी मेले, म्हणजे गाणं किंवा काव्य, मग त्यावर नाच. नुसत्या ठेक्यावर हुला होत नाही. म्हणून खालच्या पायऱ्यांत पाय उचलायची वेळ बऱ्याच उशिरा येते, कंटाळू नका.

पहिली पायरी: महिनाभर नुसतं ऐका

हुलाचे ढोबळ दोन प्रकार धरून चला. काहिको म्हणजे जुना, आणि आउआना म्हणजे नंतरचा, वाद्यमेळ्याबरोबरचा.

काहिकोत गिटार नाही, युकुलेले नाही, काही नाही. एक माणूस बसून आळवतो (त्याला गाणं म्हणण्यापेक्षा मंत्र आणि पोवाड्याच्या मधलं काहीतरी म्हणा) आणि हातात ठेका धरायला इपु हेके असतं, म्हणजे एकावर एक जोडलेले दोन भोपळे. मिरजेच्या तंबोऱ्याला लागतो तसाच वाळवलेला भोपळा, फक्त तारा नाहीत. ते खाली गादीवर आपटलं की येणाऱ्या घुमदार आवाजाला "ऊ" म्हणतात आणि बोटांनी भोपळ्याच्या अंगावर थाप मारली की त्या आवाजाला "ते". आपल्याकडे तबल्याचे बोल असतात तसे हे बोल, फक्त दोनच, आणि त्या दोघांवर अख्खी संध्याकाळ निघते. दुसरं मोठं वाद्य पाहु, नारळाच्या झाडाचं खोड कोरून त्यावर शार्कचं कातडं ताणलेला ढोल, हा पूर्वी देवळातही वाजायचा म्हणून त्याच्यावरच्या रचनांना जास्त मान. बाकी नाचणाऱ्यांच्या हातात असतं ते वेगळंच: इली-इली म्हणजे लाव्हाचे गुळगुळीत गोटे, एका हातात दोन धरून चिपळ्यांसारखे वाजवायचे, पू-इली म्हणजे चिरलेला बांबू, उली-उली म्हणजे पिसं लावलेला भोपळ्याचा खुळखुळा.

आउआनात मग गिटार, युकुलेले, बास, स्टील गिटार, आणि गोड आवाजातलं गाणं. आपल्या डोक्यात "हवाईयन म्युझिक" म्हटलं की जे येतं ते हेच.

कोणाला ऐकायचं? मी सांगते तो क्रम माझा आहे, कोणाला पटणार नाही. सुरुवात गॅबी पाहिनुईपासून करा, घोगरा आवाज आणि खाली ढिल्या तारांची गिटार, एकदम घरच्या ओसरीवर बसल्यासारखं वाटतं. मग आंटी जिनोआ कीआवे. बायकांच्या फॉल्सेटोची, म्हणजे वरच्या पट्टीतल्या पातळ आवाजातल्या गाण्याची, ही महाराणी, खालच्या पट्टीतून वरच्या पट्टीत जाताना आवाज मुद्दाम "मोडतो", त्या मोडण्याला हा-ई म्हणतात, आणि आपल्या शास्त्रीय गाण्यावर पोसलेल्या कानाला पहिल्यांदा ते चुकल्यासारखंच वाटतं. दहा वेळा ऐका. अकराव्यांदा तीच जागा यायची वाट बघाल. जिनोआबाई एक सूर इतका लांब धरायच्या की प्रेक्षक टाळ्या वाजवून दमायचे. आजच्या पिढीतली रायाटेया हेल्म ऐकलीत की ही परंपरा कुठे पोचली ते कळेल.

मग केआली-ई राइशेल, हा माणूस गायक आणि हुलाचा गुरू दोन्ही आहे, त्यामुळे काहिको आणि आउआना एकाच रेकॉर्डवर शेजारी बसलेले ऐकायला मिळतात. आणि इझ्रायल कामाकाविवोओले, ज्याला सगळे इझ म्हणतात. त्याचं युकुलेलेवरचं इंद्रधनुष्याचं गाणं तुम्ही नक्की ऐकलंय, जाहिरातीत, सिनेमात, कुठल्यातरी लग्नाच्या व्हिडिओत. पण ते मुळात अमेरिकन सिनेमाचं गाणं आहे, तेवढ्यावर थांबू नका, त्याची हवाईयन भाषेतली गाणी ऐका. हा १९९७ साली वयाच्या ३८व्या वर्षी गेला तेव्हा त्याचं पार्थिव राज्याच्या कॅपिटॉल इमारतीत दर्शनाला ठेवलं होतं, म्हणजे लोकांच्या लेखी तो काय होता ते बघा.

रेगे मिसळलेलं "जवाईयन" नावाचं प्रकरणही आहे, बीचवर सगळीकडे तेच वाजतं. मला फारसं झेपत नाही, तुम्हाला आवडलं तर ऐका.

दुसरी पायरी: भाषा, निदान उच्चारापुरती

इथे आपण मराठी लोक नशीबवान. हवाईयन लिपीत अक्षरं फक्त १३, पाच स्वर आणि आठ व्यंजनं, आणि लिहिलंय तसंच वाचायचं, इंग्रजीसारखी भानगड नाही. ऱ्हस्व-दीर्घ आपल्याला शाळेत मार खाऊन शिकवलेलंच आहे, ते इथे कामाला येतं कारण तिथे ऱ्हस्व-दीर्घ बदललं की अर्थ बदलतो.

अडतं ते आठव्या व्यंजनाला. त्याचं नाव ओकिना, उलट्या स्वल्पविरामासारखं दिसतं आणि त्याचा आवाज म्हणजे घशात क्षणभर लागलेली कडी. लहान मूल नको म्हणताना "अं-अं" करतं ना, त्या दोन अं-च्या मध्ये जे तुटतं तेच ते. बेटांचं नाव खरं तर "हवाय" नाही आणि "हवाई" पण नाही, "हवाइ-इ" आहे, मध्ये ठेच लागल्यासारखं. (मी इथे सवयीने हवाईच लिहितेय, माफ करा.) एक उदाहरण आमच्या वर्गात पहिल्याच दिवशी दिलं होतं: "पाउ" सलग म्हटलं तर संपलं, मध्ये कडी लावून "पा-उ" म्हटलं तर काजळी, आणि दोन्ही स्वर लांबवून "पाऽ-ऊ" म्हटलं तर नाचताना नेसायचा घागरा. म्हणजे "माझा घागरा कुठाय" विचारायला जाल आणि माझी काजळी कुठाय विचाराल.

ही भाषा मरता मरता वाचलेली आहे हे पण माहीत असू द्या. १८९६ च्या कायद्याने शाळांतलं माध्यम इंग्रजी झालं आणि पुढच्या दोन-तीन पिढ्यांच्या तोंडून भाषाच गेली. १९७८ मध्ये ती राज्याची अधिकृत भाषा झाली, १९८४ मध्ये पूनाना लेओ नावाने बालवाड्या सुरू झाल्या जिथे दिवसभर फक्त हवाईयन बोलतात. मधल्या काळात भाषा ज्या थोड्या जागी जिवंत राहिली त्यातली एक म्हणजे ही गाणी. म्हणून उच्चारावर कुमु, म्हणजे गुरू, इतके कडक असतात, उगाच नाही.

तिसरी पायरी: एकच गाणं घ्या आणि त्याचा अर्थ लावत बसा

ही माझी सगळ्यात आवडती पायरी आणि बहुतेक लोक हीच टाळतात.

हवाईयन कवितेत काओना नावाची गोष्ट असते, आतला अर्थ. वरवर फूल, पाऊस, धबधबा, आणि आत माणूस. लावणी ऐकणाऱ्याला हे समजावून सांगायची गरज नाही, "पिकल्या पानाचा देठ" म्हटलं की आपल्याला आपोआप कळतं कोणाबद्दल चाललंय. हिइलावे नावाचं एक जुनं गाणं आहे, वाइपिओच्या दरीतल्या उंच धबधब्याचं. वरून ऐकलं तर निसर्गवर्णन. पण त्यात जे पक्षी दरीभर किलबिलाट करतायत ते पक्षी नाहीत, ती गावातली चहाटळ मंडळी आहेत, कोणाचं कोणाशी चाललंय यावर तोंडसुख घेणारी, आणि गाणारी म्हणते मी त्यांच्या हाती लागायची नाही कारण मी डोंगरावरचं धुकं आहे. गॅबी पाहिनुईने १९४६ मध्ये हे गाणं रेकॉर्ड केलं आणि ढिल्या तारांच्या गिटारीचं पहिलं व्यावसायिक रेकॉर्डिंग म्हणून तेच सांगितलं जातं. अर्थ कळल्यावर परत ऐका, गाणं वेगळंच ऐकू येतं.

दुसरं उदाहरण जास्त धक्कादायक. काउलाना ना पुआ, म्हणजे "फुलं प्रसिद्ध आहेत" असं काहीसं. चाल इतकी हसरी की बारशाला लावाल. आणि आहे काय, तर निषेधाचं गाणं. १८९३ च्या जानेवारीत साखरेच्या मळेवाल्यांच्या आणि व्यापाऱ्यांच्या टोळीने, अमेरिकन नौसैनिक किनाऱ्यावर उतरलेले असताना, राणी लिलिउओकालानीचं राज्य उलथवलं. नव्या सरकारने राणीच्या बँडवाल्यांना निष्ठेच्या कागदावर सही करा म्हटलं, त्यांनी नकार दिला, आणि त्यांच्यासाठी एलन प्रेंडरगास्ट या राणीच्या जवळच्या बाईंनी हे गाणं रचलं. त्यात ते म्हणतात, तुमचा पैसा नको, आम्हाला आमच्या भूमीचे दगड खायला पुरेत. बरीच वर्षं लोक म्हणायचे की या गाण्यावर नाचायचंच नाही, इतकं ते गंभीर. आता समजा ही गोष्ट माहीत नसताना कोणी कंबरेला फुलं बांधून यावर ठुमकायला लागलं तर? म्हणून म्हणते, अर्थ आधी.

जाता जाता, या गाण्यांत पाऊस नुसता पाऊस नसतो. प्रत्येक जागेच्या पावसाला आणि वाऱ्याला नाव असतं. हिलो गावचा कानिलेहुआ, मानोआ दरीचा तुआहिने. आपल्याकडे वळीव वेगळा, हत्तीचा पाऊस वेगळा, झड वेगळी, पण आपली नावं ऋतूवरून, त्यांची गावावरून. गाण्यात नुसतं पावसाचं नाव आलं की तिथल्या माणसाला कळतं गोष्ट कुठल्या गावातल्या माणसाची चाललीय.

थोडासा इतिहास, कंटाळा आला तर सोडा

१८२० मध्ये मिशनरी आले. १८३० मध्ये ख्रिस्ती झालेल्या काआहुमानू राणीने सार्वजनिक हुलावर बंदी घातली. बंदी असली तरी खेड्यापाड्यात नाच चालूच राहिला, गुपचूप. मग राजा कालाकाउआ आला, ज्याने १८८३ च्या आपल्या राज्याभिषेकात उघड उघड हुला नाचवला, आणि गंमत बघा, त्या कार्यक्रमाची पत्रिका छापणाऱ्यावर अश्लीलतेचा खटला भरला गेला. पण राजाने काही माघार घेतली नाही, १८८६ मध्ये पन्नासाव्या वाढदिवसाला परत हुला. लोक त्याला "मेरी मोनार्क" म्हणायचे, आनंदी राजा. हे नाव पुढे लागणार आहे.

नंतर विसाव्या शतकात हॉटेलं, रेडिओ, हॉलिवूड, सेलोफेनचे घागरे. आणि १९७० च्या दशकात सगळं उलटं फिरलं, तरुण पोरं आजीकडे जाऊन जुन्या ओली, म्हणजे आळवण्या, मागायला लागली. मायकी आइउ लेक नावाच्या गुरूंनी त्या काळात शिकवलेले शिष्य पुढे स्वतः मोठमोठे गुरू झाले, आज अर्ध्या हालाऊंची वंशावळ त्यांच्यापाशी जाऊन पोचते.

चौथी पायरी: आता उठा

पाय जमिनीवर सपाट, एकमेकांना समांतर, बोटं समोर. गुडघे वाकलेले. किती? खुर्चीत बसायला निघालात आणि मध्येच कोणीतरी थांब म्हटलं, तितके. खांदे हलायचे नाहीत, डोक्यावर कळशी आहे असं समजा. कंबर हलवायची नसते, ती हलते, कारण वजन एका पायावरून दुसऱ्यावर जातं आणि गुडघे वाकलेले असतात. ही एक गोष्ट समजायला मला चार महिने लागले, तोपर्यंत मी लुआउवाल्या बाईसारखी कंबर फेकत होते आणि कुमु लांबून बघून डोळे मिटून घ्यायच्या.

पहिलं पाऊल काहोलो. उजवा पाय उजवीकडे, डावा त्याच्याजवळ, परत उजवा उजवीकडे, डावा जवळ आणून नुसता टेकवायचा. चार मात्रा. मग तेच डावीकडे. हे इतकं सोपं दिसतं की लोक दुसऱ्या दिवशी पुढचं मागतात. नका मागू. पंधरा मिनिटं सलग काहोलो करून बघा, मांड्या बोलतील. त्यानंतर हेला, म्हणजे एक पाय तिरका पुढे टाकून परत आणायचा, दुसऱ्या पायाचा गुडघा वाकलेलाच. मग आमी, कंबरेचं गोल फिरणं. आणि उवेहे, ज्यात पाऊल उचलून ठेवलं की दोन्ही टाचा उचलून गुडघे पुढे ढकलायचे, हे नीट जमलं की घागरा छान उसळतो, नाही जमलं तर उचकी लागल्यासारखं दिसतं.

ज्यांनी भरतनाट्यम किंवा कथक केलंय त्यांच्यासाठी वेगळी सूचना. तुम्हाला जिथे हात तिथे नजर हे आधीच येतं, तो मोठा फायदा. पण पाय आपटू नका. अरमंडीत पाय बाहेर वळतात, इथे नाही. आणि हाताच्या मुद्रांचा ठरलेला कोश इथे शोधू नका. फूल म्हटलं की बोटांची टोकं जवळ आणतात, पाऊस म्हटलं की बोटं थरथरवत हात खाली, प्रेम म्हटलं की छातीवर हात, हे बहुतेक ठिकाणी सारखं, पण तोच शब्द दुसऱ्या गुरूकडे दुसऱ्या गाण्यात वेगळा दिसू शकतो, कारण मुद्रा शब्दाची नसते, त्या ओळीत तो शब्द काय करतोय त्याची असते. माझ्या वर्गातली एक भरतनाट्यमवाली मैत्रीण पहिले सहा महिने नोट्स काढत होती, या शब्दाला ही मुद्रा, आणि शेवटी वही फाडून टाकली तिने.

आणि हो, पुरुषही नाचतात, भरपूर नाचतात. पुरुषांचा काहिको बघितला नसेल तर बघाच, जमीन हलते.

गाण्याची रचना नवशिक्यांवर मेहेरबान असते. आउआनाच्या बऱ्याच गाण्यांत दोन-दोन, चार-चार ओळींची कडवी आणि प्रत्येक कडवं दोनदा, म्हणजे पहिल्यांदा चुकलात तर दुसऱ्यांदा सुधारायची संधी. मध्ये चार-आठ मात्रांचा छोटा वाद्यांचा तुकडा, त्याला व्हॅम्प म्हणतात, तेव्हा श्वास घ्या आणि पुढचं कडवं आठवा. विसरलात तरी पुढचं कडवं सुरू व्हायच्या आधी कोणीतरी त्याचे पहिले शब्द मोठ्याने ओरडतं, ती काहेआ. आणि "हाइना" हा शब्द कानावर आला की समजायचं शेवट आला, गोष्ट सांगून झाली, आता मुख्य मुद्दा परत एकदा सांगून निरोप.

पाचवी पायरी: युकुलेले, ज्यांना नाचायचं नाही त्यांच्यासाठीसुद्धा

आधी उच्चार, "ऊकुलेले". युकुलेले म्हटलं तर कोणी मारणार नाही, पण हवाईत ऊकुलेले. हे वाद्य मूळचं तिथलं नाही. १८७९ च्या ऑगस्टमध्ये रेव्हन्सक्रॅग नावाच्या जहाजातून पोर्तुगालच्या मदेरा बेटावरून उसाच्या मळ्यात काम करायला लोक होनोलुलूला आले, त्यांच्याबरोबर चार तारांची छोटी गिटार आली, आणि त्यांच्यातल्याच सुतारकाम जाणणाऱ्या काहींनी ती तिथल्या कोआ लाकडात बनवायला घेतली. नावाचा अर्थ उड्या मारणारी पिसू, बोटं तारांवर तशी उड्या मारतात म्हणून, असं सांगतात.

विकत घेताना खेळण्याच्या दुकानातली रंगीत घेऊ नका, सुरात राहत नाही आणि मग आपल्यालाच येत नाही असं वाटतं. बोटं जाड असतील तर सोप्रानोपेक्षा एक माप मोठी, कॉन्सर्ट घ्या. तारा नायलॉनसारख्या असतात, नव्या असताना रोज ताणतात, त्यामुळे पहिले दोन आठवडे दर दहा मिनिटांनी सूर उतरेल, वाद्य खराब नाहीये, धीर धरा. छताकडच्या तारेपासून सूर लावायचे जी, सी, ई, ए, आणि गंमत म्हणजे ती पहिली जी जाड नसून बारीक आवाजाची असते.

सगळे पहिले तीन कॉर्ड सी, एफ आणि जी सेव्हन शिकवतात. शिका, पण हुलासाठी मी म्हणेन आधी व्हॅम्प शिका. डी सेव्हन दोन मात्रा, जी सेव्हन दोन मात्रा, सी चार मात्रा. डी सेव्हनसाठी जी आणि ई या दोन तारा दुसऱ्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे दांडीवरच्या आडव्या पट्ट्या) दाबायच्या, बाकी दोन मोकळ्या. जी सेव्हनला सी तार दुसऱ्या फ्रेटवर, ई पहिल्यावर, ए दुसऱ्यावर, जी मोकळी. सी ला फक्त ए तार तिसऱ्या फ्रेटवर. झालं. हे दोनदा वाजवलंत की कुठल्याही हवाईयन घरातली आजी खुर्चीतून हात हलवायला लागेल.

गिटार येत असेल तर घरातल्या घरात अजून एक प्रयोग. सहावी तार ई वरून डी ला उतरवा, पाचवी ए वरून जी ला, पहिली ई वरून डी ला. आता काही न दाबता छेडलं तरी जी मेजर वाजतो. याला टॅरो पॅच ट्यूनिंग म्हणतात, म्हणजे अळूचा वाफा, आणि या ढिल्या तारांच्या शैलीला की होआलु. १८३० च्या दशकात तेव्हाच्या राजाने माजलेली गुरं आवरायला कॅलिफोर्नियातून मेक्सिकन गुराखी बोलावले, गिटार त्यांच्याबरोबर आली असं मानतात, पण सूर लावायची ही तऱ्हा हवाईयन लोकांनी स्वतःची काढली, आणि म्हणे घराघरात आपापली ट्यूनिंग गुपित ठेवायचे, आजीच्या गोड्या मसाल्यासारखं.

आणि तिसरी, मांडीवर आडवी ठेवून तारांवर लोखंडी कांडी सरकवायची ती स्टील गिटार, लाइए गावच्या जोसेफ केकुकूने १८८० च्या दशकाच्या शेवटाला, शाळकरी वयात शोधली. तिच्याशी आपलं जवळचं नातं आहे. ताउ मोए नावाचा हवाईत वाढलेला वादक आपल्या कुटुंबासकट जग फिरत १९४० च्या दशकात कलकत्त्यात राहिला आणि तिथे शिकवलं त्याने. मुंबईत वॅन शिपले इलेक्ट्रिक हवाईयन गिटारवर सिनेमाची गाणी वाजवायचे, त्यांच्या रेकॉर्ड्स आपल्या आई-बाबांच्या पिढीने ऐकल्यात. ब्रिजभूषण काब्रांनी त्याच गिटारीवर राग आणले, विश्वमोहन भट्टांनी त्यात तारा वाढवून मोहनवीणा केली आणि १९९४ मध्ये ग्रॅमी घेतलं. गल्लीतल्या क्लासच्या पाटीवर "हवाईयन गिटार" लिहिलेलं असायचं ते आठवतंय का कोणाला? तेच हे.

सहावी पायरी: गुरू शोधणं, आणि तिथलं वागणं

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर हालाऊ बरेच आहेत, जपानमध्ये तर हुला शिकणारे हवाईपेक्षा जास्त आहेत असं कायम म्हणतात. पुण्या-मुंबईत बसून असाल तर आधी ऑनलाइन वर्ग, त्यातही हवाईत बसून शिकवणारे कुमु बघा. निवडताना त्यांना एकच प्रश्न विचारा, तुमचे कुमु कोण? ज्याला घराणं सांगता येतं तो आनंदाने सांगेल, आपल्याकडे कानाची पाळी धरून सांगतात तसं. जो म्हणेल मी स्वतःच शिकलो, तिथून नमस्कार करून निघा. अर्थ न सांगता नुसत्या स्टेप शिकवणारा असेल तरी निघा.

वर्गात शिरायच्या आधी अनेक हालाऊंत दाराबाहेर उभं राहून ओली म्हणायची असते, आत येऊ का अशी परवानगी मागणारी, आणि आतून उत्तर आल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. पहिल्यांदा मला हे नाटकी वाटलं होतं. आता ती ओली म्हणता म्हणताच ऑफिस डोक्यातून जातं.

वर्गातला नियम त्यांच्या एका जुन्या म्हणीत आहे: नाना का माका, होओलोहे का पेपेइआओ, पा-आ का वाहा. डोळ्यांनी बघा, कानांनी ऐका, तोंड बंद. मी सवयीप्रमाणे पहिल्या तासाला अकरा प्रश्न विचारले होते, त्या दिवशी ही म्हण मला खास शिकवली गेली. सरावाचा घागरा, पाऽ-ऊ, बऱ्याच ठिकाणी डोक्यावरून घालतात, त्यात पाय टाकत नाहीत, आणि तो नेसून बाथरूमला किंवा हॉटेलात जात नाहीत. लेई म्हणजे माळ कोणी घातली तर देणाऱ्यासमोर काढायची नाही, नंतर कचऱ्यात टाकायची नाही, झाडाखाली ठेवायची. आपलं निर्माल्यच की. मोठ्यांना अंकल, आंटी म्हणायचं, नात्यात नसले तरी, हे आपल्याला वेगळं शिकायला नको. आणि हवाईत राहणाऱ्या प्रत्येकाला हवाईयन म्हणू नका, तो शब्द मूळच्या लोकांसाठी आहे.

सगळ्यात महत्त्वाचं, शिकलेला नाच आपल्या मनाने कुठेही करायचा नाही. दुसऱ्या वर्षी आमच्या इथल्या गणपतीच्या कार्यक्रमाला कोणीतरी म्हणालं "तुझा एक हवाईयन आयटम होऊन जाऊ दे", मी उत्साहात हो म्हटलं आणि मग कुमुंना विचारलं. त्या चिडल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, ते मेले इनोआ आहे, एका राजघराण्यातल्या व्यक्तीच्या नावाने, तिच्या सन्मानासाठी रचलेलं, तुम्ही तिथे ते कोणासाठी म्हणणार? माझ्याकडे उत्तर नव्हतं. आयोजकांना नाही म्हणायला जीवावर आलं, त्यांनी तोंडं पण वाकडी केली. पुढच्या वर्षी कुमुंनीच एक हलकंफुलकं, समुद्रकिनाऱ्याचं गाणं दिलं, म्हणाल्या हे कर. व्हिडिओवरून उचललेल्या दुसऱ्यांच्या रचनेचं तर नावच काढू नका.

सातवी पायरी: मेरी मोनार्क बघा

त्याच आनंदी राजाच्या नावाने हिलो गावात दरवर्षी ईस्टरनंतरच्या आठवड्यात हुलाचा सगळ्यात मोठा उत्सव होतो. १९६० च्या दशकात सुरू झाला, स्पर्धा १९७१ पासून. बुधवारी फुकटचा कार्यक्रम, गुरुवारी एकट्या मुलींची स्पर्धा, शुक्रवारी काहिको, शनिवारी आउआना. तिकिटं मिळणं म्हणजे सवाई गंधर्वच्या जुन्या दिवसांसारखं, पण घरबसल्या लाइव्ह दिसतं. शुक्रवारपासून सुरू करा. स्टेजवर येतानाची आळवणी वेगळी, ती का-ई, आणि जातानाची हो-ई, गुण त्यांनाही असतात, त्यामुळे "अजून सुरू नाही झालं" म्हणून चहा करायला उठू नका. बायकांच्या गळ्यात-डोक्यावर काय पानं-फुलं आहेत बघा, ती पण गाण्यातल्या जागेशी जुळवलेली असतात. लेहुआचं लाल फूल हल्ली कमी दिसेल, कारण ते ज्यांना येतं त्या ओहिआच्या झाडांना बुरशीचा रोग लागलाय आणि तो पसरू नये म्हणून हालाऊंना ती फुलं वापरू नका असं सांगण्यात आलंय. एकेकाळी ज्या फुलाशिवाय हुलाचं गाणं पुरं व्हायचं नाही, ते फूल आता लोक जंगलातच राहू देतात.

पहिल्या दिवसाची तयारी

अंगात साधा टीशर्ट, खाली गुडघ्याच्या खाली येईल असा सैलसर घोळदार स्कर्ट, तो नसेल तर घरातला परकर चालतो, माझा पहिले तीन महिने परकरच होता. केस बांधून. पाण्याची बाटली. वही नको, रेकॉर्डिंग विचारल्याशिवाय नाही. मागच्या रांगेत उभे राहा, समोर ज्याचे गुडघे सगळ्यात जास्त वाकलेत त्याच्यामागे. गाण्याचा कागद दिला तर तो आठवडाभर भांडी घासताना मोठ्याने म्हणा, पाय आपोआप मागून येतात. आणि चपला दाराबाहेर काढायच्या, पण ते तुम्हाला कोणी सांगायला नकोच.